गाणं त्या बाईसाठी लावा

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात भ्रूण गर्भाशयात सोडायचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. बहुतेक ठिकाणी त्यासाठी भूल देत नाहीत, कारण सुई नाही, टाका नाही, एक बारीक मऊ नळी तेवढी आत जाते. डॉक्टरांच्या लेखी सगळ्या उपचारातली ही सोपी पायरी. टेबलावरच्या बाईला मात्र पोटावरून सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसावं म्हणून भरपूर पाणी पाजलेलं असतं, लघवी तट्ट दाटलेली असते, पाय वर अडकवलेले असतात, आणि अनोळखी माणसांसमोर जराही न हलता पडून राहायचं असतं. त्याआधी दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शनं झालेली असतात. अंडी काढण्यासाठी एकदा भूल झालेली असते. घरातलं सोनं मोडून किंवा सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरलेले असतात. अशा वेळी छताकडे बघत पडलेली ती बाई ऐकते काय? एसीची घरघर, ट्रेमधल्या हत्यारांचा खणखणाट, आणि पुष्कळदा तिला न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं.

त्या दहा-पंधरा मिनिटांत तिला आवडणारं गाणं तिच्या कानावर पडावं, अशी सोय आपल्या बेळगाव पट्ट्यातल्या प्रत्येक वंध्यत्व उपचार केंद्राने करावी असं माझं म्हणणं आहे. एवढ्यावर कुणी वाद घालणार नाही, याची मला कल्पना आहे. वाद पुढच्या वाक्यावर आहे. ती सोय गर्भ राहावा म्हणून करू नये. टेबलावरच्या बाईला भीती कमी वाटावी, एवढ्याच कारणासाठी करावी. हे कारण पुरेसं आहे, आणि त्याला दुसरं कुठलंही कारण जोडलं की गाण्याचं ओझं होतं.

आधी पुराव्याचं बघू. शस्त्रक्रियेआधी वाटणाऱ्या भीतीवर संगीताचा काय परिणाम होतो, याचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये घेतला. २६ चाचण्या, २०५१ रुग्ण. २० ते ८० गुणांच्या चिंतेच्या मोजपट्टीवर संगीत ऐकणाऱ्यांचे गुण सरासरी पावणेसहाच्या आसपास कमी भरले. कुणाला गाणं ऐकवलं आणि कुणाला नाही हे लपवता येत नसल्याने अशा चाचण्यांत पक्षपात शिरायला वाव राहतो, हेही त्या आढाव्यात नोंदवलं आहे. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ७३ चाचण्यांचा आढावा छापला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्या रुग्णांना दुखणं आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामक औषधंही कमी लागली. दवाखान्यातला मुक्काम मात्र त्यामुळे कमी झाला नाही. वंध्यत्व उपचारातल्या चाचण्या लहान आहेत आणि त्या वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत. त्यांचा एकूण सूर असा की भ्रूण सोडताना किंवा अंडी काढताना संगीत असलं तर भीती कमी होते, कधी दुखणंही कमी होतं. गर्भ राहण्याचं प्रमाण त्यामुळे वाढतं, असं मात्र त्यांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

नेमक्या याच ठिकाणी घसरायला होतं. भीती कमी झाली की शरीर साथ देईल आणि शरीराने साथ दिली की गर्भ राहील, ही साखळी ऐकायला इतकी सरळ वाटते की डॉक्टरही सहज बोलून जातात. पण २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित हिशोब प्रसिद्ध झाला होता, ३५८३ बायकांचा. उपचार सुरू होण्याआधी ज्यांना जास्त चिंता किंवा उदासी होती, त्यांना उपचाराच्या त्या फेरीत गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी होती का? नव्हती. माझ्या मते ही बातमी आपल्याकडच्या प्रत्येक घरात सांगायला हवी, कारण आपल्याकडे उलटंच सांगितलं जातं. "टेन्शन घेऊ नकोस गे, टेन्शन घेतलीस म्हणून होत नाही बग," हे वाक्य सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्याजणी मायेनेच म्हणतात. त्याचा अर्थ ती बाई काय लावते? भ्रूण रुजला नाही, कारण मी घाबरले. म्हणजे पैसे गेले, शरीराची पिळवणूक झाली, आणि वर दोषही तिचाच.

आता यात गाणं मिसळून बघा. केंद्राने जाहिरात केली की आमच्याकडे संगीतोपचार आहे, त्याने यश वाढतं. एका फेरीत यश हमखास कुणालाच नसतं, पहिल्या प्रयत्नात बहुतेक जोडप्यांना रिकाम्या हाताने परतावं लागतं. बीटाचा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर ती बाई आठवत बसणार, मी मन लावून ऐकलं का? ऐकताना माझं चित्त भलतीकडे गेलं होतं का? दिलासा म्हणून दिलेली गोष्ट परीक्षा होऊन बसते. म्हणून मी म्हणते, यशाची भाषा गाण्यापासून शंभर हात लांब ठेवा.

बार्सिलोनातल्या एका केंद्राने प्रयोगशाळेतल्या भ्रूणांच्या पेटीतच संगीत लावायला सुरुवात केली होती, आणि फलनाचं प्रमाण वाढल्याचा दावा केला होता. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या नावाखाली अमुक राग ऐकला की तमुक ग्रंथी काम करते, असं सांगणारे पुष्कळ आहेत. राग म्हणजे सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी नव्हे. कुमार गंधर्व जिथे जन्मले ते सुळेभावी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, गंगूबाई हनगल हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, अब्दुल करीम खाँसाहेबांची कर्मभूमी मिरज. एवढ्या मोठ्या गाण्याच्या शेजारात राहणाऱ्यांनी तरी गाण्याला औषधाच्या चिठ्ठीवर बसवू नये.

मग काय लावावं? या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण चुका इथेच होतात, आणि त्या सद्भावनेने होतात.

एका नातलग मुलीसोबत मी अशा केंद्राच्या बाहेरच्या खोलीत बसले आहे. भिंतीभर गोऱ्यागोमट्या बाळांचे फोटो होते, आणि टीव्हीवर बाळांच्या तेलाच्या-पावडरीच्या जाहिराती मधूनमधून येत होत्या. समोर बसलेल्या बायका कुणी मोबाईलमध्ये, कुणी पदराच्या टोकाशी खेळत. त्या खोलीत कुणी वर बघत नव्हतं. फोटो लावणाऱ्याला वाटलं असेल, आशा मिळेल. आता त्याच खोलीत कुणी पाळणा लावला तर? "वातावरण प्रसन्न राहावं" म्हणून बाळकृष्णाची गाणी लावली तर? आपल्याकडे बारशाला पाळणा म्हणायला सगळ्या बायका जमतात तेव्हा ही मुलगी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून थांबते. डोहाळजेवणाला तिला बोलावणं येतं, पण ओटी भरायला पुढे हो म्हणत नाहीत. पाळण्याचा सूर कानावर पडला की तिच्या पोटात काय होतं, हे गाण्याची यादी बनवणाऱ्याला कळलं पाहिजे. लॅन्सेटमधल्या त्या आढाव्यात गाणं कुणी निवडलं यावरून परिणामात फारसा फरक दिसला नव्हता. हर्निया किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनला ते ठीक असेल. मूल हवं असलेल्या बाईच्या बाबतीत निवड दुसऱ्याच्या हाती द्यायला माझं मन तयार नाही, कारण आपल्या गाण्यांत मूल इतक्या ठिकाणी येतं की ठेच कुठे लागेल सांगता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांत तान्हुल्याचं कौतुक आहे आणि कूस न उजवलेल्या बाईचं दुःखही आहे. नवसाची गाणी आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला मूल मागायला गेलेल्या कितीतरी बाया आपल्या गावागावांत आहेत. यल्लम्माच्या गाण्यांना साथ करणाऱ्या चौंडक्याचा आवाज एकीला धीर देईल, दुसरीला फसलेल्या नवसाची आठवण करून देईल. हे बाहेरून कसं ओळखणार?

म्हणून तिला विचारावं. पहिल्या भेटीत रक्तगट विचारतात, लग्नाला किती वर्षं झाली विचारतात, तसं एक ओळ जास्त: काय ऐकायला आवडतं, आणि काय अजिबात नको. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. वडगाव-शहापूरच्या मागावर काम करणारी बाई म्हणेल, आवाजच नको, दिवसभर खडखडाट ऐकून डोकं उठतं, थोडी शांतता द्या. तेही मान्य करावं. निपाणीची विडी वळणारी बाई म्हणेल, आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे, तेच लावा. कुणाला कन्नड भावगीत हवं असेल, कुणाला पैगंबरांच्या स्तुतीची नात, कुणाला हिंदी सिनेमातलं जुनं गाणं. कन्नड संतांची दासपदं आणि मराठी अभंग एकाच तन्मयतेने गाणारे भीमसेन जोशी या दोन्ही भाषांच्या मधल्या भूमीतलेच, आणि आपल्या पट्ट्यात एकाच बाईला दोन्ही हवं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. केंद्राने फक्त एक चांगला हेडफोन, त्यावर बदलता येणारी आवरणं आणि हातात धरायला छोटं यंत्र द्यावं. आवाज कमी-जास्त करणं आणि बंद करणं तिच्या हातात असावं. सगळ्या उपचारात तिच्या हातात काहीच नसतं. गोळ्यांची वेळ, इंजेक्शनची वेळ, नवऱ्याशी जवळ येण्याची वेळसुद्धा कागदावर लिहून मिळालेली असते. एक बटण तिच्या बोटाखाली राहिलं तर त्याला मी लहान गोष्ट म्हणणार नाही.

आता भाषेचं. सीमाभागात भाषा म्हटलं की आवाज चढतात, आणि त्या चढण्याला सत्तर वर्षांचं कारण आहे. इथे मी पाट्यांबद्दल बोलत नाही. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातून पहाटेची बस धरून आलेल्या बाईसमोर इंग्रजी किंवा कन्नड संमतीपत्र ठेवलं जातं, नवरा सही कुठे करायची ते दाखवतो आणि ती करते. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे: यशाची शक्यता, खर्च, औषधांचे दुष्परिणाम, जुळं-तिळं राहण्याचा धोका, हे सगळं जोडप्याला समजावून सांगायचं आणि मग त्यांना निर्णय घेऊ द्यायचा. समजावून सांगणं म्हणजे ज्या भाषेत ती घरी भांडते, रडते, त्या भाषेत. तिच्या भीतीचा मोठा हिस्सा न कळण्याचा आहे. आता काय करणार, किती दुखेल, किती वेळ, कोण कोण असेल. ही भीती गाण्याने झाकू नये. आधी मराठीत सांगा, मग गाणं लावा. नीट समजावायला वेळ नाही म्हणून हेडफोन चढवणारं केंद्र मला नको आहे. बेळगावातल्या बहुतेक सिस्टरना दोन्ही भाषा येतात, आणि घाबरलेल्या मुलीला त्यांनी आपणहून मराठीत धीर दिलेला मी पाहिला आहे. माणुसकीने होणारी ही गोष्ट नेमून दिलेलं काम व्हायला हवी.

थिएटरमधल्या अडचणी खऱ्या आहेत, त्या उडवून लावू नयेत. भ्रूण सोडण्याआधी तिचं आणि नवऱ्याचं नाव मोठ्याने विचारून खात्री करतात, लॅबमधली व्यक्ती डिशवरचं नाव वाचून दाखवते. त्या वेळी गाणं पूर्ण बंद हवं. कुणाचं भ्रूण कुणाला, ही चूक जगात घडलेली आहे, तेव्हा यात सूट नाही. अंडी काढताना नळीतला द्रव लॅबमध्ये जातो आणि अंडं सापडलं की तिकडून आकडा पुकारतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे कान मॉनिटरच्या आवाजाकडे असतात. खोलीभर स्पीकर लावला तर हे सगळं बिघडेल. शिवाय स्पीकरवर बहुतेकदा डॉक्टरांच्या आवडीचं लागतं. हेडफोननेच भागवावं, एक कान मोकळा ठेवून, म्हणजे "आता थोडं दुखेल" हे तिला ऐकू येईल. अंडी काढायच्या दिवशी गाण्याची खरी गरज भूल चढण्याआधी वाट बघताना असते, आणि शुद्धीवर आल्यानंतर.

मला विचाराल तर सुरुवात टेस्ट ट्यूब बेबीपासून करूच नये. सुरुवात नळ्यांच्या तपासणीपासून करावी. पाळी संपल्यावर थोड्याच दिवसांत एक्स-रेच्या खोलीत गर्भाशयात रंगद्रव्य सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते बघतात. भूल बहुधा नसतेच, आणि रंगद्रव्य आत जाताना पाळीतल्यासारख्या, कधी त्याहून जोराच्या कळा येतात. या तपासणीबद्दल बायका एकमेकींना इतकं भयंकर सांगतात की काहीजणी तिथूनच परत फिरतात. टेस्ट ट्यूबचा खर्च आपल्यातल्या थोड्याच घरांना झेपतो. नळ्यांची तपासणी मात्र शेतमजुराची बायकोही करते. दिलासा वाटून द्यायचा तर जिथे जास्त बायका आहेत तिथून सुरुवात करावी. आणि तिथे गाणं कुणी लावत नाही, कारण ती खोली कुठल्याही जाहिरातीत दाखवण्यासारखी नसते.

नवऱ्याबद्दल थोडं. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं, तरी आपल्याकडे नवस बाईनेच फेडायचा असतो. नमुना द्यायला एका कोंदट खोलीत पाठवलेल्या, बाहेर लोकांचे आवाज ऐकत उभ्या असलेल्या पुरुषाचीही अवस्था वाईट असते, आणि ती बोलायची सोय त्याला मित्रांतही नसते. त्या खोलीत थोडं संगीत आणि दाराला नीट कडी असली तर काही बिघडणार नाही.

आक्षेप येतो तो असा: इतका महागडा, गुंतागुंतीचा उपचार, त्यात हे लाड कशाला? बाळ झालं की सगळं विसरते बाई. यातली पहिली अडचण म्हणजे बाळ प्रत्येकीला होत नाही. जिला होणार नाही तिच्या हातात शेवटी त्या महिन्यांची आठवणच उरणार आहे, आणि ती आठवण अपमानाची असू नये इतकं तरी केंद्राच्या हातात आहे. दुसरी अडचण व्यवहारातली. यशाची शक्यता शिल्लक असतानाही जोडपी उपचार मध्येच सोडतात, आणि त्यामागच्या कारणांत शरीरावरचं आणि मनावरचं ओझं वरच्या रांगेत येतं, हे परदेशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जी बाई एकदा टेबलावर पार घाबरून गेली ती दुसऱ्यांदा येत नाही. तिला परत यायचं की नाही हे तिने ठरवावं, पण ते भीतीपोटी ठरू नये.

खर्चाची सबब तर मला पटतच नाही. देशातलं वैद्यकशास्त्र यात मागे नव्हतं: जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जन्मली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तुटपुंज्या साधनांवर ते करून दाखवलं. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. यंत्रं, औषधं, गोठवलेले भ्रूण, सगळं आपण आणलं. चांगल्या हेडफोनला या बिलात काय किंमत आहे?

बेळगावला आणखी एक गोष्ट करता येईल. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आणि गावोगावच्या एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या परिचारिका बायकांनी मिळून एक मोठं काम केलं होतं. जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींची चाचणी झाली, आणि बाळंतपणानंतर तोंडाने द्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अति रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून साडेसहाच्या घरात आलं. हे २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. ज्या जिल्ह्यात एवढी शिस्तीची चाचणी होऊ शकते, तिथे नळ्यांच्या तपासणीला आलेल्या दोन-तीनशे बायकांची चाचणी अवघड नाही. अर्ध्याजणींना त्यांच्या आवडीचं गाणं, अर्ध्याजणींना नेहमीची पद्धत, आणि दोन्हीकडे आधी मराठीत किंवा कन्नडमध्ये पाच मिनिटं समजावून सांगणं. भीती किती, दुखलं किती, आणि लागलं तर पुन्हा ही तपासणी करायला याल का, हे विचारायचं. गर्भ राहिला का, हा प्रश्न या चाचणीत नसावाच. प्रश्नावली मराठी, कन्नड आणि उर्दूत असावी, अक्षरओळख नसलेल्या बाईला ती वाचून दाखवावी, आणि वाचणारी व्यक्ती त्या केंद्राच्या पगारावर नसावी, म्हणजे "मला ते गाणं नको होतं" असंही तिला सांगता येईल.